चिंध्या, झूल आणि मुक्या जिवांचे अंथरूण

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदाही आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा संतशिरोमणी नामदेवरायांच्या चरित्रावर काही लिहावे असे प्रथम मनात आले. परंतु त्या विषयावर आमच्याहून अधिकारी पुरुषांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. आमच्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या निवृत्त प्राथमिक शिक्षकाने त्यात काय भर घालावी? म्हणून आम्ही एक लहानसा, फारसा कोणाच्या नजरेत न आलेला विषय घेतला आहे. कापड बेतून झाल्यावर शिंप्याच्या दुकानात ज्या चिंध्या उरतात, त्यांचे पूर्वी काय होत असे, हा तो विषय होय. त्यातही गाय, बैल, घोडा, कुत्रे, मांजर अशा मुक्या जिवांसाठी त्या चिंध्यांतून जे पांघरूण व अंथरूण शिवले जाई, त्यापुरतेच येथे लिहावयाचे आहे.

विषय सुचण्याचे निमित्त घरचेच आहे. आमची धाकटी सून पुण्यास असते. तिने शिवणयंत्रावर कुत्र्यामांजरांच्या गाद्या शिवण्याचा उद्योग आरंभिला आहे. ओळखीच्या शिवणकाम करणाऱ्या बायकांकडून ती उरलेल्या तुकड्यांच्या गोण्या आणते आणि त्यातून गोल, चौकोनी, कडेला उशी लावलेल्या अशा गाद्या तयार करते. गेल्या हिवाळ्यात आम्ही तेथे गेलो असता एका गादीचा भाव ऐकला व "कुत्र्याला कसली आली गादी!" असे आमच्या तोंडून निघून गेले. त्यावर ती म्हणाली, "अण्णा, आजी वासराला गोधडी शिवायच्या, असं तुम्हीच सांगता ना?" आम्हांस उत्तर सुचले नाही. नेकनूरला परत आल्यावर मात्र जुन्या गोष्टी एकेक आठवू लागल्या, थोडे वाचनही केले, आणि त्यातून हा लेख झाला.

टाकून दिलेल्या तुकड्यांतून वस्त्र शिवण्याची गोष्ट आपल्या देशात फार जुनी आहे. बौद्ध भिक्षू उकिरड्यावरच्या, स्मशानातल्या चिंध्या गोळा करून त्यांचे चीवर करीत. अशा चिंधीस पाली भाषेत पांसुकूल म्हणतात. मगध देशातील शेतांचे बांध पाहून त्याच आखणीने तुकडे जोडावेत असे भगवान बुद्धांनी आनंदास सुचविले, ही कथा विनयपिटकात आहे. म्हणजे शेताचा नकाशा पाठीवर घेऊन हे भिक्षू हिंडत. आपल्या मराठवाड्यातच अजिंठ्याची लेणी आहेत. तेथे वर्षावास करणाऱ्यांच्या अंगावर असली ठिगळांची वस्त्रे असणार, हे ध्यानी घेतले म्हणजे गोधडीकडे पाहण्याची आपली दृष्टी थोडी बदलते. अगदी अलीकडच्या काळात गाडगेबाबांनी (जन्म १८७६, निर्वाण १९५६) चिंध्यांचाच वेष केला आणि लोक त्यांस गोधडे महाराज म्हणू लागले.

पण जुन्या ग्रंथांत शिंप्याविषयी संशयही तितकाच जुना आहे, हे लपविण्यात अर्थ नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चौथ्या अधिकरणात कारागिरांवर नजर कशी ठेवावी हे सांगितले आहे. तेथे धोब्याने लोकांचे कापड वापरले, बदलले अथवा हरवले तर त्यास दंड काय, याचे नियम देऊन शेवटी तेच नियम तुन्नवायासही लागू समजावेत असे म्हटले आहे. तुन्नवाय म्हणजे शिवणारा, आपलाच पूर्वज. दुसऱ्याचे कापड ज्याच्या घरी चार दिवस राहते त्याच्याकडे जग कोणत्या नजरेने पाहते, ते यावरून कळते. "शिंपी आपल्या बापाच्या कापडातूनही तुकडा काढतो" असे बोल आपल्यापैकी कोणी ऐकले नाहीत? या बोलाचा व चिंध्यांच्या झुलीचा आमच्या घरात एकदा प्रत्यक्ष संबंध आला. ती हकीकत पुढे ओघाने येईलच.

जनावरांच्या वस्त्रांचा लेखी इतिहास शोधू गेले तर तो राजेरजवाड्यांचाच सापडतो. सातारचे छत्रपती शाहू महाराज (राज्यकाल १७०८ ते १७४९) यांचा एक आवडता कुत्रा होता. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचा जीव वाचविला, म्हणून त्यास जहागीर व पालखीचा मान दिला, असे ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहिले आहे. एकदा एक सरदार मोठ्या दिमाखाने भेटीस येत असता महाराजांनी स्वतः साधा वेष ठेवला, आणि कुत्र्यास जरीचे वस्त्र व जवाहीर घालून आपले पागोटे त्याच्या मस्तकी ठेवले, असेही सांगतात. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे या कुत्र्याची समाधी दाखवितात. लोक त्याचे नाव खंड्या सांगतात.

आता कथा सांगणारे महाराजांचे चातुर्य वर्णितात. परंतु जिवंत, वळवळणाऱ्या प्राण्याच्या अंगाचे माप घेऊन ते जरीचे वस्त्र बेतले कोणी? मान किती, छाती किती, पुढचे पाय मोकळे कसे राहतील, हे पाहिल्यावाचून असे वस्त्र अंगावर टिकत नाही. जरीचा नवा तागा कुत्र्यासाठी फाडला असेल असे आम्हांस वाटत नाही. दरबारी पोशाखाच्या उरल्या तुकड्यांतून ते निघाले असावे. पण हा आमचा तर्क झाला, आणि आम्ही त्या धंद्यात जन्मलो म्हणून तो आम्हांस सुचतो.

राजदरबारातून खाली उतरून भाषेकडे वळलो की मात्र चिंध्यांचा माग लागतो. 'खोगीरभरती' हा शब्द आपण सर्व वापरतो. निरुपयोगी माणसे अथवा मजकूर कोंबला म्हणजे खोगीरभरती झाली असे म्हणतो. परंतु मूळचे खोगीर म्हणजे घोड्याच्या पाठीवरची कापडी गादीच होय, आणि तिच्यात जुनेर, लोकर, चिंध्या भरल्यावाचून घोड्याची पाठ सोलून निघे. घोड्यावर बसून अटकेपर्यंत गेलेल्या मराठी फौजेच्या बुडाखाली आपल्या चिंध्या होत्या. ज्या भरतीवाचून घोडा दोन दिवसांत लंगडा व्हावा, तिचेच नाव निरुपयोगाचा शब्द होऊन बसले! शाळेत वाक्प्रचार शिकवीत असता आम्ही इतकी वर्षे हा शब्द मुलांस फळ्यावर लिहून दिला. पण त्याचा हा अर्थ आम्हांस कधी सुचला नव्हता.

येथे धंद्यातील एक बारकावा सांगितला पाहिजे. पूर्वीच्या शिवणकामात चिंध्या फार निघतच नसत. बाराबंदी, अंगरखा, पायजमा, कुंची यांचे बेत बहुतेक सरळ रेषांचे व तिरप्या कळ्यांचे. एक कळी उलटी, एक सुलटी ठेवून कापली म्हणजे पट्टी न पट्टी कामी येई. बगलेत जो चौकोनी तुकडा घालीत तोही उरल्या कापडाचा. पुढे कोट, सदरा, पाटलोण आली. बाहीचा घेर, गळपट्टी, खांद्याचा उतार हे सारे गोल कापावे लागते, आणि गोल कापले म्हणजे कोपरे वाया जातात. त्यातच शिवणयंत्र आले. अमेरिकेत एलियास हाऊ याने १८४६ साली व आयझॅक सिंगर याने १८५१ साली यंत्राचे पेटंट घेतले. विसाव्या शतकात ते आपल्या बाजारगावांतून पोहोचले, आणि १९३० नंतरच्या दशकात कलकत्त्यास 'उषा' हे स्वदेशी यंत्रही बनू लागले. हाताने दिवसात एक अंगरखा होई, तेथे यंत्रावर चार सदरे होऊ लागले, आणि दुकानाच्या कोपऱ्यात चिंध्यांचे गाठोडे वाढू लागले.

नेकनूर हे मांजरसुंबा-केज रस्त्यावरचे जुने बाजाराचे गाव. वारकरी मंडळींस ते बंकटस्वामी महाराजांचे म्हणून ठाऊक आहे; आसपासच्या शेतकऱ्यांस ते आठवडी बाजारासाठी ठाऊक. १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कचेरीतील मंडळी शेरवानी घालीत. शेरवानीचे कापड जाड, भारी. तिचे तुकडे मोठे निघत. आमच्या आजोबांच्या दुकानात शेतकऱ्यांची बंडी व हाकिमांची शेरवानी या दोहोंच्या चिंध्या एकाच गाठोड्यात पडत, आणि त्यांतून झुली होत.

झूल कशी करीत ते आजच्या मुलांस ठाऊक नसेल. खाली जुन्या धोतराचे अथवा पासोडीचे दोन पदर. त्यावर चिंध्या मांडावयाच्या. जाड तुकडे मध्ये, पातळ कडेला, कारण बैलाच्या पाठकण्यावर ऊब हवी व पोटाशी झूल वळली पाहिजे. वशिंडामागे अर्धवर्तुळ कापून मोकळीक ठेवावयाची. मग बाहेरच्या कडेकडून आत आत धावदोरा घालीत जावयाचे. शेवटी लाल पट्टीचा गोट, कोपऱ्यांस बंद व गोंडे. यंत्राची सुई एवढ्या थरांत मोडत असे, म्हणून झूल नेहमी हाताने, दाभणाने. हे काम आमच्या घरी बायकांकडे होते. पोळ्याच्या आधी महिनाभर आजी व आई रात्री कंदिलाशी बसत. मोबदला रोख नसे. खळ्यावर ज्वारी मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' या १९१५ सालच्या पुस्तकात शिंप्यास अलुतेदारांत गणले आहे. धान्यावर चालणाऱ्या त्या व्यवहारात चिंधी कोणाची, हा प्रश्नच कोणी विचारीत नसे. ती शिंप्याच्या घरी राही आणि झूल होऊन गावातच परत जाई.

प्रश्न उत्पन्न झाला तो रोखीने. गिरणीचे कापड वारावर मोजून, पैसे देऊन आणलेले. त्याच्या तिळातिळाचा हिशेब गिऱ्हाइकाच्या मनात. निजामी अमदानी संपल्यानंतर दोनतीन वर्षांनी आमच्या जन्माआधी घडलेली गोष्ट आईने आम्हांस सांगितली, ती येथे देतो. पोळ्याच्या दिवशी वेशीपाशी बैल आले असता गावातील एका प्रतिष्ठित गृहस्थांस शेजारच्या शेतकऱ्याच्या बैलावर आपल्या हिरव्या शेरवानीचा तुकडा दिसला. त्यांनी चारचौघांत आमच्या वडिलांस चोर म्हटले. वडील तरुण होते. ते काही बोलले नाहीत. घरी जाऊन कात्री घेऊन आले, बैलाच्या मालकाची क्षमा मागितली, आणि तेथेच वेशीत उभे राहून तो तुकडा उसवून काढला. तळहाताएवढा होता. तो त्या गृहस्थांच्या हाती दिला. झुलीस पडलेले भोक त्यांनी स्वतःच्या काळ्या कोटाच्या अस्तराचा तुकडा लावून बुजविले. बैल तोवर उभा होता म्हणतात.

वडिलांचा अपराध काहीच नव्हता असे मात्र आम्ही म्हणणार नाही. तुकडा परत करावयास हवा होता काय? धान्याच्या काळच्या रीतीने नाही. रोखीच्या काळच्या रीतीने होय. दोन रीतींच्या सांध्यावर ते सापडले. त्या दिवसापासून त्यांनी नियम केला. शिवलेल्या कपड्यात त्याच कापडाच्या चिंध्या गुंडाळून, दोऱ्याने बांधून, गिऱ्हाइकास परत द्यावयाच्या. बहुतेक गिऱ्हाइके ती गुंडाळी आमच्या ओट्याखालीच टाकून जात. संध्याकाळी आई त्या गोळा करी. "आता टाकल्या आहेत, आता आपल्या," असे ती म्हणे. पण त्यानंतर तिने दुसऱ्याच्या बैलास झूल शिवली नाही. पुढच्या चिंध्या घरच्या गोठ्यात गेल्या.

त्या गोठ्यातील अंथरुणे हीच आमच्या सूनबाईंच्या गाद्यांची खरी पूर्वज होत. गोणपाटाच्या अर्ध्या पोत्यात चिंध्या भरून तोंड सुतळीने शिवलेले असे. पौषातल्या थंडीत नुकते जन्मलेले वासरू ओल्या भुईवर बसले तर गारठते. त्याखाली हे अंथरूण. जुने झाले की ते चुलीजवळ मांजरास जाई, त्याहून जुने झाले की अंगणातल्या राखणीच्या कुत्र्यास. मांजरासाठी म्हणून मुद्दाम कोणी काही शिवीत नसे. पण मांजर कोणत्या चिंध्यांवर बसते यावरून आई कापडाची पारख सांगे. टेरीकॉट नवे आले तेव्हा तिने त्याच्या चिंध्यांचे अंथरूण करून पाहिले. मांजर त्यावर बसले नाही. "याला ऊबच नाही," असा तिने निकाल दिला, आणि तो खोटा नाही. सुती कापड ओल शोषून घेते, तसे हे धागे शोषत नाहीत.

भरण्यापूर्वी आई एकेक चिंधी बोटांतून फिरवी. गुंडी, आकडा, टाचणी, मोडकी सुई काही राहता कामा नये. गाईगुरे चघळता चघळता लोखंड गिळतात आणि पोटातली सुई पुढे सरकून काळजास भिडते, हे जनावरांचे डॉक्टरही सांगतात. लांब दोरेही ती निवडून काढी; मांजराने दोरा गिळला तर त्याची आतडी गोळा होतात. आमच्या सूनबाईंस हे डॉक्टरांकडून शिकावे लागले. आजेसासूबाईंकडून शिकता आले असते, परंतु ती भेट व्हायची नव्हती.

१९७२ सालचा दुष्काळ आला तेव्हा आम्ही दहाबारा वर्षांचे होतो. माणसे खडी फोडावयास गेली, आणि चाऱ्यावाचून जनावरे बाजारात येऊ लागली. नेकनूरच्या बाजारात त्या वर्षी विकणारे अधिक आणि घेणारे थोडे. बैल विकून रिकामा कासरा खांद्यावर टाकून जाणारी माणसे आम्ही पाहिली. झूल सहसा बैलाबरोबर देत नाहीत. ती घरी राही, आणि पुष्कळ घरांतून त्या हिवाळ्यात झुली मुलांच्या अंगावर आल्या. ज्या शेतकऱ्याच्या बैलाची ती वेशीतली झूल, त्याने ती आमच्या घरी आणून दिली. काळा तुकडा शाबूत होता. वडिलांनी ती ठेवून घेतली, उसविली नाही. दुसऱ्या वर्षी आमची गाय व्याली तेव्हा आईने तिची घडी करून वासराखाली घातली.

पुढे आमच्या जिल्ह्यातील माणसे ऊसतोडीस दरसाल पश्चिम महाराष्ट्रात जाऊ लागली. दसऱ्यादिवाळीनंतर निघालेल्या त्या बैलगाड्यांवर गोधड्यांचे गाठोडे व गाडीच्या आसाखाली चालणारे कुत्रे हे दृश्य आम्ही शाळेच्या ओट्यावरून वर्षानुवर्षे पाहिले. कुत्रे रात्री फडात उसाच्या पाचटावर निजे. पट आमच्या हातात असे आणि त्या गाड्यांवर आमच्या वर्गातली मुले असत. पण तो वेगळा विषय आहे.

चिंध्यांचे इतर उपयोग येथे ओझरतेच सांगतो. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यास चिंध्या कुटून हातकागद करीत. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी हलविली तेव्हा कागदी लोक तेथे आले असे सांगतात. इंग्लंडात बॅटले गावी बेंजामिन लॉ याने १८१३ साली लोकरीच्या चिंध्या पिंजून पुन्हा सूत काढण्याची युक्ती केली, आणि हरियाणातील पानिपतास आज जगभरचे जुने लोकरीचे कपडे येऊन त्यांची ब्लँकेटे होतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया तुकड्यांच्या 'कवंदी' नावाच्या गोधड्या शिवतात आणि कोपऱ्यांस कापडाची लहान फुले लावतात. फुलावाचून ती पुरी झाली असे त्या मानीत नाहीत. कोपरा रिकामा ठेवू नये, असे आमची आजीही म्हणे.

नामदेवरायांची एक आख्यायिका सर्वांस ठाऊक आहे. कुत्र्याने भाकरी पळविली, तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. आपल्या दुकानांत त्यांची तसबीर असते. तिच्याखाली बसून आपण चिंध्यांचे काय करतो, हे आम्ही पुण्याहून आल्यावर आमच्याच बाजारपेठेतील एका बांधवास विचारले. तयार कपड्यांमुळे त्याच्याकडे आता नव्या शिलाईपेक्षा उंची कमी करणे, चेन बसविणे हीच कामे अधिक. तरी शाळांच्या गणवेशांच्या दिवसांत चिंध्या पोत्यांनी निघतात. "गुरुजी, रात्री पेटवून देतो," तो म्हणाला. "पॉलिस्टरचा धूर होतो, पण ठेवू कुठं?"

आम्ही त्यास सूनबाईंचा उद्योग सांगितला. सुती व मिश्र कापड वेगळे ठेवावे, टाचण्या काढाव्यात, पोत्यामागे ती पैसे देते, हेही सांगितले. त्याने थोडा विचार केला आणि विचारले, "पैसे येणार म्हटल्यावर गिऱ्हाइकाला विचारावं लागंल का?" प्रश्न आमच्या वडिलांचाच होता. आम्ही त्यास वडिलांची गुंडाळीची रीत सांगितली. आता त्याच्या दुकानात शिवलेल्या कपड्यांच्या पिशवीत चिंध्यांची लहानशी पुरचुंडी जाते, आणि दाराशी एक रिकामे पोते ठेवलेले असते. ज्यास नको असेल तो जाताना पुरचुंडी त्यात टाकतो. गेल्या महिन्यात त्यातली दोन पोती भरली. ती आम्ही एस.टी.ने पुण्यास पाठविली आहेत.